श्वसनसंस्था: रचना, काम आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न शाळकरी मुलांचे आहेत, नर्सिंगच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यांचे आहेत आणि घरात दम्याचा रुग्ण असलेल्यांचेही आहेत. बहुतेकांची गफलत एकाच ठिकाणी होते: सगळं लक्ष आत येणाऱ्या ऑक्सिजनवर असतं आणि बाहेर जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा हिशेब कुणी ठेवत नाही. जिथे उत्तर आधीच येऊन गेलं आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. श्वसनसंस्थेत कोणकोणते अवयव येतात? हवा कुठून कुठे जाते?

नाक, घसा, स्वरयंत्र, श्वासनलिका, दोन श्वसनी, त्यांच्या बारीक होत जाणाऱ्या फांद्या म्हणजे श्वसनिका आणि शेवटी वायुकोश, ही हवेची वाट. पण यादी इथेच संपवली तर ती अर्धीच राहते. छातीच्या तळाशी असलेलं श्वासपटल, बरगड्या आणि त्यांच्यामधले स्नायू, फुप्फुसांभोवतीचं दुपदरी आवरण आणि श्वासाची लय ठरवणारा मेंदूच्या तळाचा भाग, म्हणजे मस्तिष्कपुच्छ, यांच्याशिवाय ही वाट नुसती रिकामी नळी आहे.

श्वासनलिका १० ते १२ सेंमी लांब आणि साधारण २ सेंमी रुंद असते. तिच्यात कूर्चेच्या १६ ते २० कड्या असतात. मान किंचित मागे करून कंठमण्याच्या खाली अलगद बोट फिरवलं तर वरच्या काही कड्या हाताला लागतात. या कड्या पूर्ण गोल नसतात, मागच्या बाजूने उघड्या असतात. तिथे स्नायूचा पडदा असतो आणि त्याला लागूनच मागे अन्ननलिका.

पुढे ही नळी साधारण २३ वेळा दुभागते. पहिल्या १६ पिढ्या फक्त हवा वाहून नेतात. त्यानंतरच्या पिढ्यांमध्ये भिंतीवर वायुकोश दिसू लागतात आणि वायूंची देवाणघेवाण तिथून सुरू होते. श्वसनिकांच्या भिंतीत कूर्चा नसते, नुसता स्नायू असतो. दम्यात त्या आवळल्या जाऊ शकतात त्या याच कारणाने. पाहा प्रश्न १२.

२. फुप्फुसं स्वतःच फुगतात आणि आकसतात ना?

फुगत नाहीत. फुप्फुसाला स्वतःला ओढून मोठं करेल असा स्नायू नाही. श्वास घेताना घुमटासारखं वर आलेलं श्वासपटल आकुंचन पावून खाली सपाट होतं, बरगड्या वर आणि बाहेर सरकतात, छातीची पोकळी मोठी होते. फुप्फुस या पोकळीला चिकटून असल्यामुळे तेही ताणलं जातं. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी होतो आणि हवा आपोआप आत शिरते. किंचित म्हणजे किती? शांत श्वासात फक्त १ सेंमी पाण्याच्या स्तंभाएवढा फरक पुरतो.

चिकटून कसं राहतं, हा पुढचा प्रश्न हमखास येतो. फुप्फुसावरणाचा एक पदर फुप्फुसावर, दुसरा छातीच्या आतल्या भिंतीवर, आणि मध्ये अगदी पातळ द्रवाचा थर. ओल्या केलेल्या दोन काचपट्ट्या एकमेकींवर सहज सरकतात पण सरळ ओढून सुटत नाहीत, तसंच इथे. या फटीतला दाब श्वास सोडल्यानंतरही बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ५ सेंमी पाण्याएवढा कमी असतो. फटीत हवा शिरली की काय होतं ते प्रश्न १७ मध्ये आहे.

शांतपणे श्वास सोडायला स्नायू लागत नाहीत. ताणलेलं फुप्फुस स्वतःच्या लवचीकतेने मागे येतं. जोराने फुंकताना, खोकताना किंवा धावताना मात्र पोटाचे आणि आतल्या बाजूचे बरगड्यांमधले स्नायू कामाला लागतात.

श्वासपटल शांत श्वासात १ ते १.५ सेंमी हलतं, खोल श्वासात १० सेंमीपर्यंत. त्याला जाणारी नस मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जातंतूंपासून निघते. म्हणून मणक्याची इजा छातीच्या पातळीवर असेल तर श्वास चालू राहतो, आणि मानेत वरच्या भागात झाली तर माणसाला व्हेंटिलेटर लागू शकतो.

३. उजवं आणि डावं फुप्फुस सारखंच असतं का?

नाही. उजव्याचे तीन खंड, डाव्याचे दोन, कारण डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते. त्याहून कामाचा फरक श्वसनींमध्ये आहे. उजवी श्वसनी आखूड, रुंद आणि जास्त उभी असते. सुमारे अडीच सेंमी. डावी जवळजवळ दुप्पट लांब आणि आडवी वळलेली. त्यामुळे श्वासात गेलेला दाणा किंवा मणी बहुधा उजवीकडे सापडतो. श्वासाची कृत्रिम नळी प्रमाणापेक्षा आत सरकली तर तीही उजवीकडेच जाते आणि डाव्या फुप्फुसाला हवा मिळत नाही. नळी टाकल्यावर दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लावून ऐकतात त्याचं हे एक कारण.

४. नाकानेच श्वास घ्या असं का सांगतात?

नाक ही हवेवर प्रक्रिया करणारी जागा आहे. आतल्या पडद्यांवर रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. थंड, कोरडी हवा त्यांवरून जाताना गरम आणि ओलसर होते. खोल श्वसनींपर्यंत पोहोचेतोवर ती शरीराच्या तापमानाला आणि पूर्ण आर्द्रतेला येते. १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतेक नाकातच अडकतात. नाकाभोवतीच्या सायनसमध्ये तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड वायूही याच हवेबरोबर आत जातो आणि फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल करायला मदत करतो.

तोंडाने श्वास घेतला म्हणून लगेच काही बिघडत नाही. मिनिटाला साधारण ३५ ते ४० लिटरच्या वर हवा लागू लागली की सगळेच तोंडाने श्वास घेऊ लागतात. झोपेतही रोज तोंड उघडं राहत असेल, सोबत घोरणं आणि दिवसा पेंग येणं असेल, तर मात्र नाक-घसा तपासून घ्यावा. लहान मुलांमध्ये वाढलेले अ‍ॅडिनॉइड, म्हणजे नाकाच्या मागच्या गाठी, हे नेहमीचं कारण.

५. एका वेळी एकच नाकपुडी मोकळी का वाटते?

दोन्ही बाजूंच्या पडद्यांत रक्त आळीपाळीने भरतं आणि ओसरतं. काही तासांनी बाजू बदलते. हा आजार नाही. नेहमी एकच बाजू बंद असेल तर दोन नाकपुड्यांमधला पडदा तिरका आहे का, पॉलिप म्हणजे आत वाढलेला मऊ कोंब आहे का, हे बघावं लागतं.

६. वायुकोशात नेमकं काय घडतं?

वायुकोशाचा व्यास सुमारे ०.२ मिमी. दोन्ही फुप्फुसांत मिळून ते ३० कोटींहून जास्त असतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग साधारण ७० चौरस मीटर भरतो. प्रत्येकाभोवती केशवाहिन्यांचं जाळं. हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास जाडीची.

इथे पंप नाही, झडप नाही. वायू फक्त जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सरकतात. वायुकोशात ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, सुमारे १०० मिमी पारा, तिथे येणाऱ्या रक्तात ४०. म्हणून ऑक्सिजन रक्तात जातो. कार्बन डायऑक्साइडचा दाब रक्तात ४५, वायुकोशात ४०. फरक जेमतेम ५ असला तरी चालतं, कारण हा वायू ऑक्सिजनपेक्षा सुमारे २० पट सहज पसरतो. तांबडी पेशी केशवाहिनीत पाऊण सेकंद असते आणि पाव सेकंदातच तिचं काम उरकतं. उरलेला अर्धा सेकंद ही राखीव वेळ आहे. भिंत जाड झालेल्या आजारात माणूस बसून असताना ठीक असतो आणि जिना चढताना त्याचा ऑक्सिजन घसरतो, कारण धावपळीत रक्त वेगाने जातं आणि ही राखीव वेळ संपते.

पुढे जवळजवळ सगळा, म्हणजे सुमारे ९८ टक्के ऑक्सिजन हिमोग्लोबिनला धरून प्रवास करतो. कार्बन डायऑक्साइडचा मार्ग वेगळा आहे: साधारण ७० टक्के बायकार्बोनेटच्या रूपात, काही हिमोग्लोबिनला चिकटून, थोडा नुसता विरघळून. बायकार्बोनेटमुळेच श्वास आणि रक्ताची आम्लता एकमेकांना बांधलेले आहेत. मधुमेहात रक्त आम्ल झालं की रुग्ण खोल, जोरजोरात श्वास घेतो. फुप्फुसं चांगली असतात. शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आम्लता उतरवू पाहतं.

७. आपण सोडतो तो कार्बन डायऑक्साइड, मग तोंडाने दिलेल्या श्वासाने दुसरा माणूस कसा वाचतो?

सोडलेला श्वास म्हणजे निव्वळ कार्बन डायऑक्साइड नव्हे. आत घेतलेल्या हवेत ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या जवळ असतो, सोडलेल्या हवेत सुमारे १६ टक्के. कार्बन डायऑक्साइड ०.०४ वरून ४ ते ५ टक्क्यांवर जातो. नायट्रोजन येतो तसाच परत जातो. १६ टक्के ऑक्सिजन तात्पुरता पुरतो.

८. मिनिटाला किती श्वास बरोबर? कसे मोजायचे?

प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. नवजात बाळ ३० ते ६०.

मोजताना पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं की एका श्वासाची चूक चारची होते, आणि बाळांचा श्वास तर तसाही मध्येच थांबतो, मध्येच भरभर चालतो. समोरच्याला सांगू नका. लक्ष गेलं की श्वास बदलतो. नाडी बघत असल्यासारखं मनगट धरून छातीकडे नजर ठेवणं ही जुनी आणि चांगली युक्ती. बाळ शांत असताना, कपडा वर करून पोटाची हालचाल मोजा.

खोकला-ताप असलेल्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा अशा: २ महिन्यांखाली ६० किंवा जास्त, २ ते १२ महिने ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त. एवढा वेग म्हणजे न्यूमोनियाची शंका, त्याच दिवशी डॉक्टर. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळे पडत असतील किंवा बाळ दूध ओढत नसेल तर आकडा मोजत बसू नका.

९. भरभर श्वास घेतला की जास्त हवा मिळते ना?

इथे साधं गणित करून बघा. शांत श्वासात ५०० मिली हवा आत जाते. त्यातली सुमारे १५० मिली नाकापासून श्वसनिकांपर्यंतच्या नळ्यांमध्येच राहते आणि काही न करता परत येते. म्हणजे कामाची ३५० मिली. मिनिटाला १२ श्वास धरले तर ६ लिटर हलले आणि ४.२ लिटर कामाला आले.

आता तेवढेच ६ लिटर २५० मिलीच्या २४ उथळ श्वासांत घ्या. प्रत्येक श्वासात कामाची हवा १०० मिली, मिनिटाला २.४ लिटर. दमणूक दुप्पट, फायदा जवळजवळ निम्मा. बरगडी मोडलेला किंवा पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस दुखतं म्हणून असाच उथळ श्वास घेतो. त्याचे खालचे वायुकोश मिटू लागतात आणि कफ साचतो. म्हणून वेदनाशामक वेळेवर देणं हा श्वासाच्या उपचाराचाही भाग आहे.

१०. पूर्ण श्वास सोडला की फुप्फुस रिकामं होतं का?

होत नाही. जिवाच्या आकांताने फुंकलं तरी सुमारे १.२ लिटर हवा आत राहतेच. ती राहते म्हणून वायुकोश पूर्ण मिटत नाहीत आणि दोन श्वासांच्या मधल्या वेळातही रक्ताला ऑक्सिजन मिळत राहतो. प्रौढ पुरुषाच्या फुप्फुसाची एकूण क्षमता ६ लिटरच्या आसपास, स्त्रीची थोडी कमी. उंची आणि वयानुसार बदलते.

स्पायरोमीटरवर, म्हणजे नळीत फुंकून श्वासाची हवा मोजायच्या यंत्रावर, ही उरलेली हवा मोजता येत नाही, कारण ती बाहेरच येत नाही. त्यावर कळते ती जास्तीत जास्त आत घेऊन जास्तीत जास्त सोडलेली हवा. १८४६ साली जॉन हचिन्सन यांनी हे मोजमाप मांडलं. आज डॉक्टर सगळ्यात आधी बघतात ते गुणोत्तर: सोडलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती गेली. निरोगी प्रौढात हे साधारण ७० ते ८० टक्के किंवा जास्त असतं. चाचणीत आकडा खोटा कमी येण्याची कारणं बहुधा किरकोळ: ओठ नळीभोवती घट्ट नसणं, सुरुवात हळू करणं, किमान सहा सेकंद फुंकत न राहणं.

११. श्वास रोखला की जीव कासावीस होतो तो ऑक्सिजन संपल्यामुळे ना?

कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. मस्तिष्कपुच्छाजवळचे संवेदक त्याच्या वाढीवर अगदी लगेच बोलतात. ऑक्सिजनवर नजर ठेवणारे संवेदक मानेतल्या धमन्यांजवळ आहेत, पण ते ऑक्सिजनचा दाब ६० मिमी पाऱ्याच्या आसपास उतरेपर्यंत फारसा गडबडगुंडा करत नाहीत.

यातून एक जीवघेणी गोष्ट घडते. पाण्याखाली जास्त वेळ राहता यावं म्हणून काही पोहणारे आधी जोरजोरात श्वास घेतात. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, हिमोग्लोबिन आधीच जवळजवळ भरलेलं असतं. कार्बन डायऑक्साइड मात्र खूप उतरतो. मग पाण्याखाली ऑक्सिजन संपत येतो आणि तरी वर येण्याची ओढच लागत नाही. माणूस कुठलीही सूचना न मिळता बेशुद्ध होतो. चांगले पोहणारे यात बुडतात. उडीआधी असे श्वास घेऊ नयेत.

घाबरून भरभर श्वास चालतो तेव्हा ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते, तीही कार्बन डायऑक्साइड उतरल्यानेच. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय आता सांगत नाहीत. समोरच्याला खरोखर दमा किंवा हृदयविकाराचा झटका असेल तर पिशवी त्याचा ऑक्सिजन आणखी तोडेल. शांतपणे बसवून श्वास लांबवत सोडायला सांगा.

१२. दम्यात श्वास घ्यायला त्रास होतो की सोडायला?

मुख्यतः सोडायला. श्वास घेताना छाती मोठी होते आणि नळ्याही ओढल्या जाऊन रुंदावतात. सोडताना त्या अरुंद होतात. आधीच सूज, चिकट कफ आणि आवळलेला स्नायू असेल तर सोडतानाच अडतं. शिट्टीसारखा आवाज तेव्हाच येतो. हवा पूर्ण बाहेर पडत नाही तोच पुढचा श्वास सुरू होतो, छाती फुगलेली राहते, आणि रुग्ण म्हणतो 'श्वास आत जात नाही'. जागाच उरलेली नसते.

शिट्टीचा आवाज थांबला म्हणजे बरं वाटतंय असं धरू नका. रुग्ण थकलेला, बोलता न येणारा आणि छाती शांत असेल तर हवा जवळजवळ हलतच नाही. ही तातडीची अवस्था आहे.

१३. घास अडकला तर काय करायचं?

गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, त्यावरचं झाकण खाली वळतं, स्वरतंतू मिटतात आणि श्वास क्षणभर थांबतो. बोलत किंवा हसत खाताना हा क्रम चुकतो.

माणूस खोकू किंवा बोलू शकत असेल तर त्याला खोकू द्या. पाठीत गुद्दे मारू नका, पाणी पाजू नका. आवाज फुटत नसेल, खोकला निःशब्द असेल तर:

त्याला पुढे वाकवा आणि दोन खांद्यांच्या फळ्यांमध्ये तळहाताच्या टाचेने ५ जोरदार फटके द्या. नाही निघालं तर मागे उभे राहून बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली मूठ ठेवा, दुसऱ्या हाताने ती धरा आणि आत व वर असे ५ झटके द्या. वस्तू निघेपर्यंत आळीपाळीने चालू ठेवा. गरोदर बाई असेल तर झटके छातीच्या हाडावर. वर्षाखालच्या बाळाला पोटावर झटके कधीही नाहीत: डोकं खाली करून पालथं धरून पाठीवर ५ फटके, मग उताणं करून छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर ५ दाब. बेशुद्ध झाल्यास जमिनीवर झोपवा, रुग्णवाहिका बोलवा आणि सीपीआर, म्हणजे छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देणं, सुरू करा. तोंडात वस्तू दिसली तरच काढा. न दिसता बोट घातलं तर ती आणखी आत जाते. पोटावर झटके दिलेल्या माणसाला नंतर ठीक वाटत असलं तरी डॉक्टरांना दाखवा.

लहान मूल एकदा जोरात ठसकलं, मग ठीक झालं आणि काही दिवसांनी एकाच बाजूला शिट्टी किंवा परत परत न्यूमोनिया, असं असेल तर शेंगदाण्यासारखा तुकडा आत राहिला असण्याची शंका घ्यावी. दाणे एक्स-रेत दिसत नाहीत.

१४. कफ म्हणजे आजारच ना? सिगारेट सोडल्यावर खोकला वाढतो तो का?

थोडा कफ सगळ्यांचाच रोज तयार होतो. श्वसनमार्गाच्या आतल्या पेशींवर सूक्ष्म रोम असतात; ते एका लयीत हलून कफाचा थर, त्यात अडकलेल्या धुळीसह, घशाकडे सरकवत आणतात. आपण तो नकळत गिळतो. वायुकोशात हे रोम नसतात, तिथे आलेले कण भक्षक पेशी उचलतात. म्हणूनच अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ जास्त त्रासदायक. ती थेट तिथवर पोहोचते.

धुराने रोम मंदावतात आणि पुढे नष्ट होतात, कफ मात्र वाढतो. मग तो हलवायला खोकला हाच मार्ग उरतो. सिगारेट सुटल्यावर रोम पुन्हा काम करू लागतात, साचलेला कफ वर येतो आणि काही आठवडे खोकला वाढल्यासारखा वाटतो. ते चांगलं लक्षण. कफात रक्त दिसणं किंवा वजन उतरणं हे मात्र यात बसत नाही, तपासायलाच हवं.

१५. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाला श्वास का जड जातो?

वायुकोश आतून ओले असतात आणि पाण्याचा पृष्ठताण त्यांना मिटवायला बघतो. वायुकोश जितका लहान तितकी ही ओढ जास्त. ती मोडायला सरफॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ वायुकोशातल्याच काही पेशी तयार करतात. गर्भात तो साधारण २४व्या आठवड्यापासून बनू लागतो, पण ३४-३५ आठवड्यांपर्यंत पुरेसा नसतो. त्याआधी आलेल्या बाळाचे वायुकोश प्रत्येक श्वास सोडल्यावर मिटतात आणि पुढच्या श्वासाला पुन्हा उघडावे लागतात. बाळ दमतं. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली हा अभावच मूळ कारण असल्याचं दाखवलं. आता प्रसूती लवकर होणार असं दिसलं तर आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, आणि गरज पडल्यास बाळाच्या श्वासनलिकेत सरफॅक्टंट सोडतात.

१६. ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, तरी धाप लागते. यंत्र खोटं बोलतंय का?

बहुधा नाही. बोटाला लावायचं हे यंत्र फक्त एवढंच सांगतं की आहे त्या हिमोग्लोबिनचा किती हिस्सा ऑक्सिजनने भरलेला आहे. हिमोग्लोबिनच कमी असेल, म्हणजे रक्तक्षय असेल, तर ९८ टक्के असूनही एकूण ऑक्सिजन कमी पडतो. कार्बन डायऑक्साइड वाढला असेल तर तेही यंत्राला कळत नाही. हृदय कमजोर असेल, रक्त आम्ल झालं असेल, नळ्या आवळल्या असतील, तरीही धाप लागते.

एका प्रसंगी मात्र ते खरोखर फसवतं: बंद खोलीत शेगडी किंवा जनरेटर चालू राहून कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाली तर. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून घट्ट धरतो आणि साध्या ऑक्सिमीटरला दोघांतला फरक ओळखता येत नाही. आकडा छान, माणूस मरणाच्या दारात.

रोजच्या मोजणीत पाच मिनिटं शांत बसा, हात गरम असू द्या, नेलपॉलिश काढा, बोट हलवू नका आणि आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. गडद त्वचेवर आकडा प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त येऊ शकतो. ९० टक्क्यांच्या खाली गेल्यावर पुढची घसरण वेगाने होते, म्हणून ९८ ते ९४ आणि ९० ते ८६ हे दोन्ही चारच गुणांचे फरक असले तरी दुसरा कितीतरी गंभीर.

१७. फुप्फुसाला भोक पडलं तर हवा कुठे जाते?

आवरणाच्या दोन पदरांमध्ये. प्रश्न २ मधला कमी दाब नाहीसा होतो आणि फुप्फुस स्वतःच्या लवचीकतेने आकसतं. मार लागून होतं, आणि उंच, सडपातळ तरुणांमध्ये काही कारण नसतानाही: अचानक एका बाजूला टोचल्यासारखी कळ आणि धाप. भोक झडपेसारखं वागलं, म्हणजे हवा आत जाते पण परत येत नाही, तर वाढता दाब हृदयालाही ढकलतो आणि रक्तदाब कोसळतो. त्यात एक्स-रेची वाट न बघता सुईने हवा काढतात.

१८. उंच डोंगरावर हवेत ऑक्सिजन कमी असतो का?

टक्केवारी तीच, २१ च्या जवळ. हवेचा दाब कमी होतो. सुमारे ५,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्मा असतो, त्यामुळे ऑक्सिजनचा आंशिक दाबही निम्मा. विमानाच्या केबिनमध्येही दाब साधारण २,४०० मीटर उंचीपर्यंतचा ठेवलेला असतो, म्हणून फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांनी प्रवासाआधी विचारून घ्यावं.

१९. एका फुप्फुसावर माणूस जगतो का?

हो. १९३३ साली शल्यविशारद एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी कर्करोगासाठी एका रुग्णाचं अख्खं डावं फुप्फुस काढलं. तो रुग्ण पुढे सुमारे तीस वर्षं जगला. ग्रॅहम स्वतः सिगारेट ओढत. १९५७ मध्ये ते फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेले, रुग्णाच्या आधी. उरलेलं फुप्फुस निरोगी असेल तर विश्रांतीत आणि साध्या कामात अडचण येत नाही, पळताना मर्यादा जाणवते. म्हणून ऑपरेशनआधी स्पायरोमेट्री.

२०. धमनीत शुद्ध रक्त असतं, मग फुप्फुस धमनीत उलटं का?

हृदयापासून दूर नेणारी ती धमनी, हृदयाकडे आणणारी ती शीर. रक्तात किती ऑक्सिजन आहे याचा नावाशी संबंध नाही. फुप्फुस धमनीतला दाबही बराच कमी, सुमारे २५/८ मिमी पारा. बाकी शरीरात १२०/८० असतो. फुप्फुसाच्या नळ्यांना स्वतःसाठी वेगळं, महाधमनीकडून येणारं रक्त मिळतं. त्यातलं काही वापरलेलं रक्त थेट शुद्ध रक्तात मिसळतं. म्हणून निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनमधलं ऑक्सिजनचं प्रमाणही १०० टक्क्यांच्या किंचित खाली राहतं.

२१. ऑक्सिजन जितका जास्त द्यावा तितका चांगला, बरोबर?

नाही. जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन बराच काळ दिला तर फुप्फुसाच्या पेशींनाच इजा होते. वेळेआधी जन्मलेल्या बाळांत जादा ऑक्सिजनने डोळ्याच्या पडद्याला धोका असतो.

सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होत जाण्याच्या जुनाट आजाराच्या, अनेक रुग्णांत डॉक्टर ऑक्सिमीटरचा आकडा ८८ ते ९२ टक्केच राखतात. 'ऑक्सिजन दिला की श्वास घ्यायची प्रेरणाच जाते' हे स्पष्टीकरण सगळीकडे ऐकू येतं, पण ते अपुरं आहे. आजारी, हवा कमी पोहोचणाऱ्या वायुकोशांकडचं रक्त शरीर वाहिन्या आवळून चांगल्या भागाकडे वळवत असतं. जादा ऑक्सिजनने त्या वाहिन्या सैल होतात आणि रक्त पुन्हा निकामी भागात जातं. शिवाय ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन आपल्याकडचा कार्बन डायऑक्साइड सोडून देतं. दोन्ही मिळून तो रक्तात साचतो. रुग्ण आधी पेंगतो, गोंधळतो, मग त्याला जाग येत नाही. ऑक्सिमीटरवर तेव्हा ९९ दिसत असतात. घरी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र, असेल तर लिहून दिलेल्या लिटरच्या वर नॉब फिरवू नका. आणि तीव्र झटक्यात 'जास्त नको' म्हणून ऑक्सिजन बंदही करू नका; ठरलेल्या मर्यादेत ठेवून रुग्णालय गाठा.